परशराम हेळव्याची एकुलती वही

निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारीला लागून माझं दुकान आहे. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांची माहिती बाहेर काढायची, हा माझा धंदा. माझं गिऱ्हाईक बहुतेक रागावलेलं असतं. डिस्क स्वतः आपटायची, तिच्यावर चहा सांडायचा आणि शिव्या मला द्यायच्या. मीही काही कमी तोंडाळ नाही. "बैल गेला आणि झोपा केला" हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवतो. दुसरीकडे एक प्रत ठेवायला काय झालं होतं, असं विचारतो आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो.

गेल्या मार्चमध्ये परशराम हेळवी आला, तेव्हाही मी हेच करणार होतो. पण हा माणूस रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. वय पासष्टीचं, डोक्याला पटका, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. झोळी त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. तिच्यातून लाल फडकं काढलं, फडक्यातून एक काळी डिस्क काढली. डिस्कवर हळदीकुंकवाची बोटं उठलेली.

"साहेब, हिच्यातनं टकटक आवाज येतोय. आदी येत न्हवता."

हेळवी म्हणजे आमच्या सीमाभागात घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा माणूस. सुगी आटोपली की तो दारात येऊन बसतो, वही उघडतो आणि तुमच्या आज्यापणज्यांपासून मागे दहा-दहा पिढ्यांची नावं खड्या आवाजात म्हणतो. घरात नवं मूल आलं असेल तर त्याचं नाव शेवटी चढवतो. घरातली बाई त्याला सुपातून जोंधळे घालते. मला हे सगळं ऐकून ठाऊक. आमच्या गावात हेळवी पाटलाच्या, साळुंख्यांच्या दारात बसायचा आणि आमच्या गल्लीच्या तोंडातूनच माघारी फिरायचा. मी दीपंकर कांबळे. आमच्या दारात ती वही कधी उघडली नाही.

तेव्हा खरं सांगायचं तर त्याचा धंदा ऐकून माझ्या मनात दया-बिया काही आली नाही.

डिस्क लॅपटॉपला लावली. आतली तबकडी फिरू लागली, मग टक् झालं. थोडं थांबून पुन्हा टक्. मी वायर उपटली. अशा डिस्कच्या आत आरशासारख्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावर, केसभरसुद्धा अंतर नाही अशा उंचीवर, वाचणाऱ्या सुया तरंगतात. टक् म्हणजे सुईला आपली जागा सापडत नाही. ती शोधत राहते, आणि शोधता शोधता तबकडी खरवडली तर तिथलं सगळं कायमचं जातं. असली डिस्क जितका वेळ चालू ठेवाल तितकी मरणाच्या जवळ.

"पडली होती का?"

"न्हाय, साहेब. शप्पत. हातातनं सुटली न्हाय."

"खोटं बोलू नका आप्पा. न पडता असं होत नाही."

तो खाली बघत राहिला. मग हळूहळू बोलला. वह्या जीर्ण झाल्या होत्या. मुलीने, आरोहीने, दोन उन्हाळे बसून पानापानाचे फोटो काढले, नावं टाइप केली. बेचाळीस गावं या डिस्कमध्ये आली. आरोही लग्न होऊन खानापूरला गेली. तेव्हापासून परशराम दारात लॅपटॉप उघडायचा, डिस्क लावायचा आणि वाचायचा. लोकांना आधी गंमत वाटली, मग त्यांनी ते मान्य केलं. वहीसारखंच डिस्कलाही जोंधळ्यावर ठेवायचे, हळदकुंकू लावायचे. आठ दिवसांपूर्वी जयाबाई नावाच्या म्हातारीने वाचन चालू असतानाच डिस्क जोंधळ्यावरून उचलली, आपल्या कपाळाला लावली आणि मग ओळीने पाचही नातवंडांच्या कपाळाला लावली.

"चालू असताना?"

"व्हय. वहीला तसंच करत्यात. मी तिला न्हाय कसं म्हणू?"

मला हसू आलं आणि घामही फुटला. फिरत्या तबकडीला सहा धक्के. एकट्या पाचव्या नातवाने डोकं हलवलं असेल तरी पुरे.

"असू दे," मी म्हटलं. "एवढं काय घाबरताय? मूळ वह्या असतील घरात. पुन्हा फोटो काढा."

त्याने लाल फडक्याची घडी घातली. 

"आप्पा, वह्या कुठं आहेत?"

"सोडल्या."

"कुठं सोडल्या?"

"वेदगंगेला."

त्यांच्या घराण्याची रीत अशी, की जुन्या वहीवरून नवी वही उतरून काढली की जुनीला नैवेद्य दाखवायचा आणि नदीत सोडायचं. एका घरात एका घराण्याच्या दोन वह्या राहू द्यायच्या नाहीत. दोन वह्या झाल्या की घराणं फुटतं, भाऊ भावाच्या उरावर बसतो. त्याच्या बापाने तसंच केलं, आज्याने तसंच केलं. आरोहीने वह्या जपून ठेवायला बजावलं होतं. ती सासरी गेल्यावर याने नारळ फोडून सगळ्या सोडल्या. आणि त्याआधी, लॅपटॉपमध्ये जी प्रत होती ती तिच्याकडूनच पुसून घेतली. का, तर दोन नकोत म्हणून.

मी दिवसभर लोकांना दोन ठेवा, दोन ठेवा म्हणून ओरडतो. इथे पिढ्यान्पिढ्या एकच ठेवणारा माणूस माझ्यासमोर उभा होता. शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या, पण त्याची खाली गेलेली मान बघून गिळल्या. 

"पोरीला सांगितलंय?"

"न्हाय. कुणालाच न्हाय. बेचाळीस गावं मी बुडवली, साहेब."

मी त्याला स्पष्ट सांगितलं. अशी डिस्क उघडून सुया बदलाव्या लागतील. त्याला धुळीचा कण नसलेली खोली लागते, ती माझ्याकडे नाही. बेंगळूरला पाठवू. तो लगेच मागे सरला. वही हेळव्याच्या नजरेआड जात नाही, म्हणाला. पाठवायची नाही म्हणजे नाही. मी ओरडलो, तो ऐकून घेत राहिला, पण झोळी सोडली नाही. शेवटी उरला तो एकच उपाय. डिस्क अजून अधूनमधून जागी होत होती. जागी असेल तेवढ्यात तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. सोपं आहे तेवढं आधी वाचायचं, अडेल तिथे हट्ट न करता पुढे उडी मारायची. निभावलं तर निभावलं. नाहीतर तीच डिस्क माझ्या हातात मरणार होती.

आणि मला भीती वाटली. लग्नाचे फोटो गेले तर लोक रडतात, चार दिवसांनी गप्प होतात. इथे मेलेली हजारो माणसं होती आणि त्यांना दुसरीकडे कुठेही जागा नव्हती.

पहिल्या दिवशी सकाळी काम सुरू केलं. परशराम समोरच्या स्टुलावर बसला तो उठलाच नाही. स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा पुढे सरकायचा, थांबायचा, सरकायचा. सुई अडखळली की डिस्क टक् करायची आणि आम्ही दोघेही श्वास रोखायचो. इन्व्हर्टर होता, तरी बाहेर वीज गेली की माझा जीव खालीवर व्हायचा. संध्याकाळी साठ टक्के झाले. डिस्क तापली होती. मी बंद केली. परशराम ती फडक्यात गुंडाळून घरी घेऊन गेला आणि सकाळी मी कुलूप उघडायच्या आत पायरीवर हजर.

दुसऱ्या दिवशी तो तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागला. नावं म्हणत होता. जयाबाईच्या घराण्यापासून सुरुवात केली. मारुतीराव, त्याचा बा भरमा, भरमाचा बा शामू, शामूचा बा... तिथे थांबला. पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, पुन्हा तिथेच थांबला. दुसरं घराणं घेतलं. तिथे तर तिसऱ्या पिढीलाच अडला. त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वही हुती तवा पाठ हुतं, साहेब. बघावं बी लागत न्हवतं. ह्या डब्यात घातलं आणि डोस्क्यातनं गेलं."

 मला माझ्या बायकोचा फोन नंबर पाठ नाही.

"लोकं मला इचारत न्हाईत," तो म्हणाला. "मी सांगतोय म्हणून त्यास्नी ध्यानात ठेवायचं काम न्हाय. सुगीला दारात बसल्यावर मीच त्यास्नी इचारू व्हय, तुमचा पणजा कोण म्हणून? त्यास्नी तरी कुठलं ठावं असणार?"

दुपारी दीडच्या सुमारास व्हायचं ते झालं. ब्याऐंशी टक्क्यांवर डिस्कने ओळीने टक् टक् टक् केलं आणि लॅपटॉपवर ती दिसेनाशी झाली. स्क्रीनवर नुसती चूक आल्याची ओळ. मी वायर काढली.   परशराम उभा राहिला, भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला.  मी त्याला पाणी दिलं. त्याने पेला धरला, प्यायला विसरला.

दोन तास आम्ही डिस्क थंड होऊ दिली. माझ्या डोक्यात एकच उपाय उरला होता. आतापर्यंत सुरुवातीपासून शेवटाकडे वाचत होतो, आता उलटं, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचं. तसं वाचलं की डिस्क आपल्या मनाने पुढची पानं चाळायला धावत नाही, आणि खराब जागेच्या पलीकडचं कधीकधी हाताला लागतं. कधीकधी. मी त्याला म्हणालो, "आप्पा, आता लावतो. लागली तर लागली. न लागली तर बेंगळूरवालासुद्धा काही करेल याची खात्री नाही. लावू?"

त्याने झोळी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाला, "लाव, लेकरा." तोवर मी साहेब होतो.

वायर लावली. फिरण्याचा आवाज आला. टक् झालं.  दुसरं टक् आलं नाही. डिस्क दिसली. आकडा शेवटून सरकू लागला, मुंगीच्या पावलांनी, पण सरकू लागला. संध्याकाळपर्यंत सत्त्याण्णव झाले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी नव्व्याण्णवच्या पुढे जाऊन थांबले. त्यापुढे डिस्क पुन्हा कधीच जागी झाली नाही.

नक्कल उघडली. बेचाळीस गावांचे बेचाळीस फोल्डर होते. मी एकेक उघडत गेलो. तीन पानांचे फोटो खालून करडे झाले होते, पण त्यांची टाइप केलेली नावं शाबूत होती. जयाबाईच्या घराण्याचं पान आलं, तेव्हा परशरामने बोट स्क्रीनला लावलं आणि वाचलं, "शामूचा बा परसू." मग तो रडला. चांगला हमसून रडला, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना.

मी दोन नव्या डिस्कवर प्रती करून त्याच्यापुढे ठेवल्या. दोन बघून तो पुन्हा घाबरला. खरंच घाबरला, हात मागे घेतला.

"दोन न्हाय, लेकरा. घरात दोन न्हाय."

तेव्हा मात्र माझा तोल सुटला. "तीन दिवस काय बघितलंत मग? फोडून टाकू का दुसरी? की नेऊन सोडता वेदगंगेला?"

तो दोन्ही डिस्ककडे बघत बसला. शेवटी एक उचलून फडक्यात गुंडाळली आणि दुसरी माझ्याकडे सरकवली.

"एका घरात दोन नकोत. ही तुझ्या घरात ऱ्हाऊ दे."

"आप्पा, मी कांबळे आहे. तुमची वही आमच्या घरात येत नाही."

"म्हायत हाय. माझा बा तुमच्या गल्लीच्या तोंडातनं माघारी फिरायचा. मी बी फिरलो, चाळीस वर्सं. कवा काय वाटलं न्हाय." तो अडखळला. "ह्या तीन दिसात वाटलं. मागं कोण हुतं ते कुणालाच ठावं न्हाय म्हंजे काय, ते कळलं."

त्याला माफी मागायची होती की काय, मला कळलं नाही.  मला बरं वाटलं नाही, रागच आला. इतक्या वर्षांनी आमच्या घरात वही आली, तीही दुसऱ्यांच्या पूर्वजांना जागा नव्हती म्हणून. तरी मी डिस्क घेतली. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण दीड वाजता भिंतीला टेकून खाली बसलेला तो डोळ्यासमोर आला.

संध्याकाळी ती घरी नेऊन कपाटात वरच्या खणात ठेवली. आईने विचारलं, काय आहे. मी सांगितलं, गावातल्या लोकांच्या पिढ्या आहेत, पाटलाच्या, साळुंख्यांच्या, सगळ्यांच्या.

"आपल्या हायत व्हय त्यात?"

"न्हाय."

आईने मान हलवली आणि ती भाकरी थापायला बसली. मी कपाट बंद केलं. मग का कोण जाणे, तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, "आई, आज्याचं नाव भीमसेन. त्याच्या बाचं नाव काय गं?"

तिचा हात परातीवर थांबला. तिने आठवायचा प्रयत्न केला, खरंच केला.

"तुझ्या आज्याला ठावं हुतं," ती म्हणाली.

आजा जाऊन एकोणीस वर्षं झाली.