साठीची पत्रावळ

आमच्या गावात लग्न कोणाचंही असो, पंगतीला वाढायला ती एकच बाई असते. भाताचं टोपलं कमरेवर घेऊन फिरते अन् प्रत्येकाला बजावते, "सावकाश जेवा भाऊ, भात पयून नाई राह्यला." स्वतः मात्र शेवटी, भाताच्या गंजाजवळ उभ्यानंच खाते.

परवा दुपारी ती माझ्या ओसरीवर आली. मोहाच्या पानांची मोठी पत्रावळ मांडली, वरणभाताचा डबा बाजूला ठेवला अन् मांडी घालून बसली.

"आधार कार्डावर आज साठ भरले. एक डाव पंगतीत बसतो म्हटलं. वाढा भाऊ."

"मी? मी कोण्या बाईले आजवर वाढलं नाई."

"साऱ्या गावात जास्त भात तुम्हीच मांगला माह्या हातचा."

मी तोंड फिरवून उभा राहिलो. ती पत्रावळीवरून उठली नाही. शेवटी वाकलो. घाईत भात सांडला.

"सावकाश वाढा भाऊ, मी पयून नाई राह्यली."

जेवून ती पत्रावळ उचलू लागली.

"राहू दे," मी म्हटलं. "पाव्हण्यानं उष्टं उचलायचं नसते."

आयुष्यात मी स्वतःचं उष्टं कधी उचललं नव्हतं. त्या दिवशी तिचं उचललं.