अठरा कामाचं औजार अन् कमरेचा छल्ला

पुतण्यानं दिवाळीत मले एक घडीचं औजार आणून देलं. पक्कड, चाकू, करवत, कैची, पेचकस, म्हणे एकटं अठरा कामं करते. डबीवर डोंगराचा फोटो होता अन् डोंगरावर एक गोरा माणूस उभा होता. म्या तवाच ओळखलं का याले वावरातलं काही समजत नाई. पण पोट्टं हौसेनं आणते, म्हणून ठेवून घेतलं.

मांगच्या गुरुवारी थे पहिल्यांदा काढलं. माही संत्र्याची बाग हाय चांदूर बाजारच्या जवळ. माहे मालक वारून चार वर्षं झाली, तवापासून मीच पाहतो. मोटरच्या स्टार्टरच्या झाकणाचे इस्क्रू गंजले होते. मेन बंद केला, पेचकस लावला अन् पीळ देला. इस्क्रू जागच्या जागी, पेचकसच जिलबीवानी वाकडा झाला. अठरा कामाचं औजार पहिल्याच कामात रिटायर.

हे पाहाले माहे चुलत दीर दादाराव बांधावर हजर होते. त्यायचं वावर माह्या वावराले लागून हाय. माहं काही बिघडलं का म्या त्यायले हाक माराची, त्यायनं दोन तासानं याचं, पाच मिनटं काम कराचं अन् अर्धा तास भाषण द्याचं, असा चार वर्षापासूनचा रिवाज. त्या दिवशी हाक न मारताच भाषण भेटलं.

"वयनी, हे बाईमाणसाचं काम नोहे. औंदा बाग माह्याकडं ठेक्यानं द्या, अन् घरी आरामात बसा."

बांधावर अजून तीनचार जण होते, त्यायनं माना हालवल्या. माही जीभ अशा वक्ती माह्या ताब्यात राहत नाई. म्या म्हटलं, "सोमवारी पहिलं पाणी सोडून राहिली. त्या दिवशी तुमाले एक जरी हाक मारली तं बाग तुमच्याकडं. नाई मारली तं हा इषय पुन्हा तोंडातून काढाचा नाई."

ज्याले संत्रा मालूम नाई त्याच्यासाठी सांगतो. झाडायले दोन महिने पाणी तोडून उपाशी ठेवतात, मंग पाणी सोडलं का झाड फुलावर येते. त्या दिवशी पाणी अडलं, कमीजास्त झालं, तं सालभराचा बहार बिघडते. दादाराव लगेच कबूल झाले. इतक्या लगेच, का मले रातभर थेच टोचलं.

शुकरवारी सकाळी मी औजार शोधाले निंघाली. ज्यायले असंच फिराचं असन त्यायनं पिशवीत काय घ्यावं थे ध्यानात ठेवा. कपडे कमी, परीक्षेचं सामान जास्त. म्या घेतलं थे वाकडं झालेलं औजार, ठिबकच्या नळीचं हातभर तुकडं, बांधाची तार, अन् लाकडाच्या ठोकळ्यात रुतलेला एक गंजका इस्क्रू. अन् डझनभर संत्री. संत्री परीक्षेसाठी नाई, लोकायचं तोंड बंद कराले.

चांदूर बाजारवरून अमरावतीले यष्टीनं सवा-दीड तास लागते. बायायले अर्धं तिकीट हाय. सकाळची गाडी असन तं डाव्या बाजूले बसा, थंडीत उन्ह भेटते. उजव्या बाजूचे लोक कान बांधून बसले होते अन् आमच्याकडं अशे पाहत होते का उन्ह आमीच चोरलं.

अमरावतीत नणंदेकडं उतरली, नलूबाईकडं. म्या ठोकळा, तार, नळी चटईवर मांडली तं थे मले पाहतच राहिली. म्हणे, बाकीच्या वयन्या साड्या घ्याले येतात, तू काहून भंगार घेऊन आली. म्या म्हटलं साडीनं पाण्याचा वॉल उघडला असता तं साडीच घेतली असती. मंग आमी दोघी इतवारा बाजाराकडं गेलो. आधी गिला वडा खाल्ला. दह्यातला नरम वडा, वर तिखट. अमरावतीले जाऊन हा खाल्ला नाई तं तुमी अमरावतीले गेलेच नाई. दोघीचं पोट शंभराच्या आत भरते.

पहिलं दुकान काचेच्या कपाटाचं. दुकानदार जवान, बोलणं साखरेचं. त्यानं मले पाह्यलं अन् इचारलं, "काकू, नातवासाठी पाह्यजे का?"

"नाई, भांडणासाठी."

तो हासला, पण एक पाऊल मांगं सरला. मंग त्यानं औजारं काढली. इचीन, काय काय बनवतात लोक. एकाले मासोळीचे खवले काढाचं पातं होतं. माह्या बागीत मासोळी कोणत्या झाडाले लागते थे मले अजून सापडलं नाई. एकाले दिशा दाखवणारा काटा होता. म्या उन्हात धरला तं तो म्हणे नलूबाई उत्तर हाय. नलूबाई फिरली तं उत्तरही फिरली. अन् बाटली उघडाचा आकडा तं सगळ्यायलेच. म्या म्हटलं, दादा, आमच्या गावात ज्यायले बाटली उघडा लागते त्यायचे दात अजून शाबूत हायेत.

"काकू, याच्यात बावीस फंक्शन हायेत," त्यानं साडेतीन हजाराचं एक समोर ठेवलं. काळं, जड, लष्कराच्या लोकायवानी दिसणारं. म्या ठोकळा काढला अन् म्हटलं, बावीस राहू दे, एकच करून दाखव. तो ठोकळ्याकडं असा पाहे का म्या काउंटरवर बेंडूक ठेवला. इस्क्रूवर पेचकस टेकवला, पीळ देला. पेचकस वाकला नाई, खरं बोलतो. पण त्याचा जोड असा डुले का जत्रेतला पाळणा. अन् दुकानदारानं झटकन हिसकून घेतलं. म्हणे, काकू, हे शोपीस हाय, असं वापराचं नसते.

दुसऱ्या दुकानात चारशेचं होतं. त्याच्या पकडीत तार धरली तं तार कटली नाई, पकडीलेच दात पडले. तिसऱ्या दुकानात मालक मोबाईल पाहत होता. मान वर न करता म्हणे, बाईसाठी किचनचा सेट हाय, चार चाकू अन् सोलणं फ्री. म्या त्याले एक संत्रं देलं अन् म्हटलं, हे सोलून ठेव, मी चार वर्षानं येतो.

नलूबाई बाहेर येऊन पायरीवर बसून हासत होती. मी हासली नाई. शुकरवार गेला होता. घरी येताना थे म्हणे, दादाराव थोडेच वाईट हायेत, देऊन टाक बाग. मालकाचीच बहीण हाय, तिचा बी जीव त्या बागीत हाय, म्हणून म्या फक्त इतकंच म्हटलं का दिवा लाव, अंधार पडला.

शनिवारी अकोला. बडनेरा, मूर्तिजापूर करत अडीच तास. हा रस्ता कितीक वर्षं लोकायची हाडं मोजत होता, आता ताटावानी झाला. गाडीत झोप लागते, एवढीच तक्रार. अकोल्यात उतरून पोहे खाल्ले, वर तर्री. ज्यायले पोटाचा भरोसा नाई त्यायनं तर्री अर्धी सांगावी.

टिळक रोडच्या अंगाले एका गल्लीत म्हातारे चाचा बसतात. पाटी नाई, नाव नाई. शिंप्यायच्या कैच्यायले धार लावतात, अन् जुनी औजारं खोलून, दुरुस्त करून इकतात. मले तिथं एका साडीवाल्यानं धाडलं. म्या ठोकळा समोर ठेवला. चाचा पहिला माणूस, जो ठोकळा पाहून खूश झाला.

त्यायनं औजार काढलंच नाई. आधी गंजक्या इस्क्रूवर तेलाचा एक थेंब सोडला अन् चहा सांगतला. म्या म्हटलं, चाचा, इस्क्रू तं खोला.

"बाईजी, जंग को टैम देना पड़ता," ते म्हणे, म्हंजे गंजाले वेळ द्या लागते. "सूखे में लगाए होंगे आप."

चार वर्षात मले हे कोणी सांगतलं नाई. दादाराव खिशात तेलाची शिशी काहून ठेवतात, थे आता समजलं. भाषण अर्धा तास अन् तेलाचा थेंब लपून. म्या इचारलं, तेल सोडलं असतं तं माहं अठरा कामाचं वाचलं असतं का. चाचायनं पिशवीतून थे जिलबी झालेलं घेतलं, नखानं टकटक केलं अन् वापस देलं. म्हणे, दूसरे दिन टूटता.

चहा होईपर्यंत त्यायनं मले शिकवलं, थे तुमाले फुकट सांगतो. पक्कड मिटून उजेडाकडं धरा, दोन जबड्यातून उजेड दिसला तं ठेवून द्या. सगळी पाती उघडून कानाजवळ हालवा, खुळखुळा वाजला तं थो लेकरायले द्या. चाकू उघडल्यावर अडकून बसला पाह्यजे, नाईतं मिटताना बोट घेऊन जाते. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, जोड पाहा. रिपिट मारलेला, म्हंजे खिळा ठोकून बंद केलेला जोड ढिला झाला का औजार मेलं. इस्क्रूचा जोड असन तं पुन्हा कसता येते. कैचीचा जीव पात्यात नसते, जोडात असते, असं ते म्हणे. कामं जितकी जास्त, तितके जोड जास्त, तितकं मरण जास्त. दादारावच्या भाषणापेक्षा हे चांगलं होतं, अन् चहासंगट होतं.

मंग त्यायनं कापडात गुंडाळलेलं एक काढलं. रंग नाई, डोंगर नाई, कोणी तरी बरसं वापरलेलं. सात कामं. त्यायनं ठोकळ्यावर लावलं, अन् इस्क्रू असा फिरला जसा कालच बसवला. तार कटली, नळी कटली. मी एकही शब्द बोलली नाई, अन् माह्या ओळखीच्यायले मालूम हाय का हे किती वर्षानं झालं.

"इससे लाइट कू हात नई लगाना," चाचायनं बजावलं. दांड्यावर रबर नाई, मेन बंद केल्याशिवाय हे काढाचं नाई. चौदाशे रुपये घेतले. म्या बाराशे म्हटलं तं ते कापड पुन्हा गुंडाळाले लागले. चौदाशेच देले, वरून उरलेली संत्री, अन् तेलाची एक शिशी त्यायनं माह्या हातात कोंबली.

वापस येताना मुद्दाम अकोट, अंजनगाव, परतवाडा असा फेरा घेतला. रस्ता कुठं बरा, कुठं गाडी नाचते. मले नवं औजार घेऊन अजून थोडं फिराचं होतं, बाकी कारण नाई. अंजनगावच्या पुढं खिडकी इतकी खडखड करे का कंडक्टरची शिटी आयकू येईना. म्या औजार काढलं अन् चौकटीचे दोन इस्क्रू कसले. खडखड बंद. समोरची बाई वळून म्हणे, "काय वं, मिस्तरीन हायेस का?"

"सोमवारी समजन," म्या म्हटलं.

पण परतवाड्याच्या स्टँडवर फजिती झाली. हे ठेवाचं कुठं? चाचायनं संगट देलेल्या पाकिटाले पट्ट्यात अडकवाची पट्टी होती. बनवणाऱ्याले वाटते जगात सगळ्यायच्या कमरेले पट्टा हाय. लुगड्याच्या, साडीच्या बाया त्यानं पाह्यल्याच नाईत. पिशवीत ठेवलं तं वक्तावर सापडत नाई. म्या निऱ्यात खोचलं, अन् गाडीतून उतरताना थे ठणकन माह्याच अंगठ्यावर पडलं. एक म्हातारा म्हणे, बाई, घोड्याची नाल पडली तुमची. म्या त्याले म्हटलं, हो, अन् लाथ अजून हाय. पण चांदूर बाजारची जीप भेटेपर्यंत मी लंगडत होती.

रविवारी घरी पेटी उघडली. माहा चांदीचा छल्ला आत होता. कमरेले अडकवाचा, किल्ल्यायचा. बागीच्या पहिल्या तोडीवर मालकानं घेतला होता, मोटरघराची किल्ली त्याच्यातच राहे. ते गेले तवा जोडव्यासंगट म्या थो बी उतरवून ठेवला. कोणी उतरव म्हटलं नोतं. बाया पाहून राहिल्या होत्या, म्हणून उतरवला. म्या औजाराच्या कडीतून छल्ल्याची साखळी ओवली, पकडीनं कडी दाबून बंद केली अन् कमरेले लावला. जागा जुनीच होती. वजन नवं.

सोमवारी सकाळी वावरात जाताना हापशीवर जाऊबाई भेटली. दादारावची बायको. नजर सरळ कमरेवर.

"काहून वं, चांदी?"

"चांदी वर हाय. तू खालचं पाह्य."

स्टार्टरच्या इस्क्रूले रातीच तेल सोडून ठेवलं होतं. मेन बंद केला, झाकण खोललं, आतल्या पट्ट्यावरचा कचरा ब्रशनं काढला, झाकण लावलं. मेन चालू, मोटर चालू. दादाराव बांधावर येऊन उभे होते, हात मांगं बांधून, हाकेची वाट पाहत. तिसऱ्या ओळीत नळीचा जोड सुटला अन् पाणी कारंज्यावानी उडालं. त्यायनं एक पाऊल टाकलं. म्या वॉल बंद केला, नळीचं फाटकं टोक कापलं, जोड बसवला, तार आवळली. भिजली मी कमरेपर्यंत, थंडीत दात वाजत होते. पण तोंडातून हाक निंघाली नाई. दुपारपर्यंत सगळी बाग ओली झाली.

दादाराव आपल्या वावरात चालले गेले. म्या चिडवलं नाई, लय कठीण गेलं मले थे.

आता हिशोब इचारसान तं दोन दिवस फिरली, एक अंगठा काळा झाला, अन् सात कामातली पाच मले लागतात. बाटलीचा आकडा याले बी हाय, बावा. त्यानं मी छल्ला साडीत अडकला तं सोडवतो. पुतण्याचं अठरा कामाचं खिडकीत ठेवलं, वारा आला का पल्ला अडवाले बरं पडते. एकोणिसावं काम.

काल संध्याकाळी दादाराव अंगणात आले. बसले नाईत. म्हणे त्यायच्या ठिबकच्या फिल्टरची कडी आवळून बसली, पक्कड लागत नाई. नजर माह्या कमरेवर.

"वयनी, थे जराक द्या."

म्या छल्ला हालवून दाखवला. कडी दाबून बंद केली होती, थे तं दिसतच होतं.

"निंघत नाई भाऊजी," म्या म्हटलं. "मले बोलवा लागन."

त्यायनं कडी पुन्हा एकदा पाह्यली. मंग म्हणे, "बरं, या."

मी दोन तासानं गेली.