डिक्कीतला निळा सिलिंडर

आमच्या घरात मारणं ही बोलण्याचीच एक रीत होती. सासरे जुने पैलवान. मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर, उत्तर उलट आलं की पाठीत बुक्की. थोरला मुलगा, म्हणजे माझा नवरा, लग्नानंतरही मार खायचा. धाकटा दीर त्यांच्यासमोर कोपर वर धरूनच यायचा. सासूबाईंना एका कानानं ऐकू येत नसे. तो कान लग्नाच्या पहिल्याच वर्षी गेला होता. मला मात्र सासऱ्यांनी कधी हात लावला नाही. "दुसऱ्याची पोरगी हाय," एवढंच म्हणायचे.

मी जयसिंगपूरची. लग्नानंतर उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत स्टोअर सांभाळायला लागले. पान्हे, ड्रिलचे बिट, गॅसचे सिलिंडर, सगळं माझ्या ताब्यात. तिथं एकदा ट्रकमधून ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर उतरवताना पडला आणि त्याचा व्हॉल्व्ह मुळासकट तुटला. सिलिंडर तोफेच्या गोळ्यासारखा सुटला. एका हमालाचा पाय गुडघ्याखाली राहिला नाही, आणि त्यापुढची विटांची भिंतही राहिली नाही. आग नव्हती, धूर नव्हता, नुसता आतला दाब. तेव्हापासून सिलिंडरला टोपी आणि साखळी असल्याशिवाय मी जवळून कुणाला जाऊ देत नसे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कागलकडच्या सरळ रस्त्यावर रविवारी सकाळी पोरं गाड्या पळवायची. दीर एका शर्यतीत हरला आणि वाद घालायला गेला, तर शाहूपुरीतल्या एका पोरानं भेळेच्या गाडीजवळ त्याच्या कानाखाली जाळ काढला.

"चारचौघात मारलंय वैनी," दीर म्हणाला. "घरात खातोय त्येचं काय न्हाय. पर भाईरच्यानं?"

मग त्यानं बंगळूरहून कुणाकडून तरी नायट्रसचं सामान आणलं. एक निळा भरलेला सिलिंडर, पितळी जोडण्या, नळी, बटण. हा वायू स्वतः जळत नाही. इंजिनात पेट्रोल जोरानं जळायला लावतो. बटण दाबलं की गाडी लाथ बसल्यासारखी पुढं जाते.

दोघा भावांनी रविवारी अंगणातच काम काढलं. गाडी जुनी, पांढरी, डिक्कीचं तोंड व्हरांड्याकडे. कामाचा क्रम मी लावून दिला, कारण त्यांच्या हातून नट हरवायचे. सिलिंडर डिक्कीत आडवा, दोन लोखंडी पट्ट्यांत, डबल नट घालून. व्हॉल्व्ह सीटकडे, बूड मागे. नळी गाडीखालून, सायलेन्सरपासून लांब. इंजिनात हवा जाते त्या पाइपला भोक पाडून नोझल. दुपारपर्यंत नुसतं ड्रिलचं किंचाळणं आणि ठोकाठोकी. नवऱ्यानं अंगठा चेचून घेतला, दिरानं मनगट भाजून घेतलं. आत चुलीवर मटण शिजत होतं. सासूबाई व्हरांड्यात लसूण सोलत बसल्या होत्या.

"आत्ती, जरा आत बसा की," मी म्हटलं.

"उजेड हाय हितं," त्या म्हणाल्या.

काम संपलं तशी मी हत्यारं गोळा करायला लागले. चाक काढायची टॉमी, म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी दांडा, माझ्या हातात होती, तेवढ्यात फाटक आपटलं. सासरे आले होते. तालमीत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमची पोरं गाडीत गॅस बसवायला लागल्यात.

त्या काळात पुष्कळ लोक चोरून स्वयंपाकाच्या गॅसवर गाड्या चालवायचे. आमच्याच गल्लीतली एक व्हॅन तशी पेटली होती, आणि आतल्या माणसाला दार उघडून बाहेर ओढणारे सासरेच होते. तो माणूस वाचला नाही. त्याची कातडी आपल्या हाताला चिकटून आली, हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं होतं.

"गॅसवर गाडी?" ते ओरडले. "जळून मरतासा व्हय सुक्काळीच्यांनो?"

"आबा, ह्यो त्यो गॅस न्हाय," नवरा म्हणाला. पुढचं त्याला बोलता आलं नाही. ठोसा तोंडावर बसला आणि तो बंपरवर डोकं आपटून खाली गेला. दिरानं मागून कमरेला मिठी घातली, तर त्यांनी कोपर असं मारलं की दात तुटून फरशीवर पडला. मग त्यांनी ठोकाठोकीसाठी काढलेला मोठा हातोडा एका हातात उचलला.

पहिला घाव सिलिंडरच्या अंगावर बसला. देवळातल्या घंटेसारखा नाद झाला, निळ्या रंगाचे टवके उडाले.

"मामा, थांबा! त्यो फुटला तर आत्ती जाईल!"

त्यांनी ऐकलं नाही. ते आत वाकले. सिलिंडरचं तोंड तोडलं की गॅस निघून जाईल आणि विषय संपेल, एवढाच त्यांचा हिशोब होता. व्हॉल्व्ह तुटला असता तर सिलिंडर बुडाच्या बाजूनं सुटला असता. बुडासमोर उघडी डिक्की, आणि डिक्कीसमोर लसूण सोलणारी म्हातारी.

हातोडा वर गेला. मी टॉमी दोन्ही हातांनी त्यांच्या मनगटावर हाणली.

वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. हातोडा त्यांच्याच पायावर पडला. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डावा हात उगारला.

मी टॉमी पुन्हा उचलली. "मारा मामा. पर डावाबी मोडंल."

नवऱ्याच्या कपाळावरून रक्त गळत होतं, दीर तोंड धरून बसला होता. सासरे हळूहळू पायरीवर बसले. सासूबाईंनी लसणाची सुपली बाजूला ठेवली, हात झटकले आणि मला म्हणाल्या, "आदी मटन बघ. करपतंय."

मी आधी मटण उतरवलं. मग सिलिंडरची नळी काढली, व्हॉल्व्हला टोपी बसवली, पट्ट्या सोडून तो बाहेर काढला आणि न्हाणीघरामागं उभा करून साखळीनं बांधला. मग आम्ही त्याच गाडीतून सासऱ्यांना दवाखान्यात नेलं. नवरा कपाळाला फडकं बांधून चालवत होता. मी मागे, सासऱ्यांचा हात मांडीवर धरून.

वाटेत त्यांनी विचारलं, "त्यो सैपाकाचा न्हवता?"

"न्हवता."

"मग सांगायचं की."

"सांगितलंच की. ऐकलं व्हय तुमी?"

ते काचेतून बाहेर बघत "न्हाय," म्हणाले.

डॉक्टरांना त्यांनी पान्हा निसटला असं सांगितलं.

सिलिंडरला पोचा आला होता. तो मी वापरू दिला नाही. रिकामा करायला परत बंगळूरला पाठवला. दिरानं दुसरा आणला. तो शर्यत जिंकला, आणि जिंकल्यावर त्या पोराच्या कानाखाली तशीच वाजवून आला. पुढच्या खेपेला बटण दाबलं तेव्हा पिस्टन फुटून इंजिनाला भगदाड पडलं, आणि तो नाद तिथंच संपला.

सासऱ्यांचं मनगट जुळलं, पण वाकडं. मूठ पुरी मिटेना.

प्लॅस्टर काढल्यानंतरच्या एका रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. दीर काहीतरी उलट बोलला. सासऱ्यांचा उजवा हात सवयीनं वर गेला. दिरानं कोपर वर धरलं, नवऱ्याचा घास थांबला. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात रश्श्याची पळी होती.

"तांबडा घालू का पांढरा, मामा?"

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग खाली आला आणि त्यांनी वाटी पुढं सरकवली.

"तांबडा," ते म्हणाले.