पाटावरची माझी हत्यारं

‘हत्यारं आत दे आन् तू भाईर थांब,’ मालक म्हणाला.

खंडेनवमी होती. सेलूत स्टेशनच्या रस्त्यावर मालकाचं दुकान. बाहेर पाटी व्हिडिओ गेमची, आत सरळ जुगार. बटण दाबायचं, चित्रं जुळली की पैसे. गावात लोक ऐटीत त्याला कॅसिनो म्हणायचे. त्या मशिनी चालू ठेवणं हे माझं काम. परभणीला वसतिगृहात राहून मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, कॉम्प्युटरचा कोर्स केला. मायला वाटलं, पोरगं साहेब झालं.

साहेब कसला! मागच्या गल्लीतल्या दारानं आत जायचो. मशिनी आणि भिंत यांच्या मधल्या बोळीत दिवसभर बसायचं. पंखे सगळे गिऱ्हाइकांकडं. मशिनींच्या पाठी तापायच्या, अंगाला चटके बसायचे. रविवार नाही, आजारपण नाही. मशीन बंद पडली की पगार कापायचा. गल्ल्यावर नुसता बसणारा मालकाचा मेव्हणा माझ्या दुप्पट न्यायचा. माझ्यासाठी खिडकीत कान तुटलेला एक कप होता. तो मीच धुवायचा, मीच परत ठेवायचा. सगळं गिळलं. माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. तिचं ते जाणं मला बंद करायचं होतं.

म्हणून त्या सकाळी मी उगाच हरखलो. पुसायला म्हणून मालकानं मशिनींचे मागचे पत्रे उघडायला लावले होते. मग पूजेसाठी माझी हत्यारं मागितली. माझा पेचकस, माझी पक्कड, तारांना डाख द्यायची कांडी पाटावर मांडली. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. वाटलं, चला, निदान माझ्या हत्यारांना तरी मान मिळाला. मी मात्र मागच्या उंबऱ्याबाहेर, चपला काढून उभा.

मेव्हण्यानं तांब्या उचलला. हत्यारांवर गोमूत्र शिंपडलं. मग मशिनींकडं वळला.

‘वर्सभर ह्याचा हात लागलाय. आतून बी शिपड,’ मालक त्याला म्हणाला.

मला राहवलं नाही. ‘मालक, लाईट चालू हाय. पत्रे उगडे हायत.’

‘तू गप. पूजंत बोलू नगंस.’

आरतीला दिवे लुकलुकावेत म्हणून मशिनी चालूच ठेवलेल्या. मेव्हण्यानं ओंजळ भरून आत मारली. ठिणगी उडाली. ओळीतल्या मशिनी पटापट विझल्या. धूर निघाला. जळक्या तारांचा, वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास.

त्या वासानं मी जागीच गार पडलो.

नामांतराच्या दंगलीत आमचं घर पेटवलं तेव्हा मी लहान होतो. मायनं मला काखेत मारून ज्वारीत लपवलं. माझ्या तोंडावर तिचा हात होता. सकाळी परतलो तर बापाचा रेडिओ राखेत वितळून पडलेला. विद्यापीठाला आमच्या माणसाचं नाव द्या म्हणालो, एवढाच आमचा गुन्हा. बाप त्या काळ्या गोळ्याकडं बघत बसला. पुढं तो कधी धड बोललाच नाही. तो वास माझ्या नाकातून गेला नाही. अजून झोपेत येतो. मी उठून बसतो, चूल बघतो, भिंतीवरच्या तारा चाचपतो.

‘बघतोस काय? ये आत, हात चालव,’ मालक ओरडला. ‘उद्या दसरा हाय. न्हाई चालल्या तर तुज्याच पगारातून कापीन.’

आता मी आत आलेलं चालत होतं. आता माझा विटाळ नव्हता.

मी गल्लीला वळसा घातला आणि पुढच्या दारानं, गिऱ्हाइकांच्या दारानं आत गेलो. पहिल्यांदाच. पाटावरची हत्यारं उचलली. फुलं खाली पडली.

‘माज्या हातानं बाटतंय म्हणून धुतलं ना? मग आता हात लावत न्हाई.’

‘लय माजलास. कुटं जाशील? ह्या गावात कोन काम देतंय तुला बगतो.’

त्यानं बोललेलं खरं करून दाखवलं. सेलूत कुणी मला दारात उभं केलं नाही. माय खुरपं घेऊन रानात जात राहिली. मला एका शब्दानं बोलली नाही. बापाच्या मुक्या तोंडासारखंच तिचं ते न बोलणं माझ्या मागं लागलंय. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेचकसाच्या खाचेत त्या दिवशीचं कुंकू अजून आहे. मी ते पुसलेलं नाही. बाहेरगावाहून कुणी कामाला बोलावलं की आधी विचारतो, कोणत्या दारानं येऊ? मागचं दार दाखवलं की पेचकस पुन्हा खिशात. पडू द्या मशिनी बंद. मी उपाशी राहीन. मागच्या दारानं येणार नाही.