निसारमास्तरांची दुसरी ओळ

खामगाव, माघातला रविवार.

लेखाला इतका उशीर केला, मधल्या निरोपांना उत्तरही दिलं नाही, याबद्दल गौरवग्रंथाच्या संपादकांची क्षमा मागते. मास्तरांनी स्वतःच्या पंच्याहत्तरीच्या समारंभासाठी एक चाल दिली आहे. तिच्यावर माझे शब्द बसत नाहीत. ते बसेपर्यंत त्यांच्यावर लिहिण्याचा मला काय अधिकार, असं वाटत राहिलं.

कॉलेजात असताना मी माझी कविता घेऊन शाळेत गाणं शिकवणाऱ्या निसारमास्तरांकडे प्रथम गेले. त्यांनी ती वाचली नाही. "कागद ठेव बाजूले, बेटा. आधी आयक," म्हणत पेटी ओढली. त्यांच्याकडे चाल आधी येते. शब्द मिळेपर्यंत ते ती गावांच्या नावांवर गातात: जलंब, सोनाळा, पिंपळगाव राजा. एका स्नेहसंमेलनाला माझे शब्द वेळेत झाले नाहीत, तेव्हा त्यांच्या शाळेतल्या मुलींनी गावंच गायली. सोनाळ्याचे एक पालक उठून ओरडले, "आमचं गाव अखीन एक डाव!" मास्तर माझ्याकडे वळले. "पाय, तुह्या शब्दायपेक्षा सोनाळा बरा बसला."

माझी आई गेली, त्यानंतर मी लिहिणं सोडलं होतं. मास्तर संध्याकाळी येत, ओट्यावर बसून चहा घेत आणि गाण्याचा विषयही न काढता जात. असे ते बरेच दिवस आले.

शब्दांसाठी त्यांनी चाल कधी वाकवली नाही. यंदाची चाल त्यांना स्वतः गायची आहे, गळा आहे तोवर. काल गाताना दुसऱ्या ओळीतली एका दमात घ्यायची लांब जागा मध्येच तुटली. पुन्हा गायले, पुन्हा तिथेच तुटली.

"मास्तर, ओळ थोडी आखूड करायची का?" मी विचारलं.

"काऊन? चाल बरोबर हाय. माहा दम तिथं सरते. तू शब्द तिथंच संपव. लोकायले वाटलं पायजे, थांबाचंच होतं."

मग त्यांनी पेटीचा भाता मिटवला. दोघंही थकलो होतो. आजवर मी सूर मोजून शब्द बसवत आले. आता त्यांचा श्वास मोजायचा आहे.

मास्तरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावं, अजून कितीतरी चाली त्यांनी आमच्या गावांच्या नावांवर गाव्यात, ही मनापासून इच्छा. पण त्याआधी ही एक ओळ त्यांना मान खाली न घालता गाता यावी.

उद्या: दुसऱ्या ओळीसाठी लवकर संपणारा शब्द शोधणे.