वुटकेबाईंची सैल वायर

पूल उतरून नदीकाठच्या रस्त्याला लागलो तेव्हा वुटकेबाईंनी हातगाडी थांबवली, ताडपत्रीचं टोक उचलून आत पाहिलं आणि पुन्हा झाकलं. घर सोडल्यापासून ही चौथी वेळ. आत एक ढोल वाजवणारं यंत्र, सूर काढणारी तीन लाकडी खोकी, दोन जुन्या लोकरी चादरी आणि बटाट्याच्या सॅलडचा डबा होता. यातलं काहीही आपण होऊन उतरून जाण्यासारखं नव्हतं.

"ट्राम होती की," मी म्हणाले.

"ट्राममध्ये हादरे बसतात. खोकी सूर सोडतात."

"मग टॅक्सी?"

"टॅक्सीवाला बोलतो."

म्हणून दर दोन महिन्यांनी एका रविवारी आम्ही आमच्या क्योपेनिक उपनगरातून निघतो आणि दीड तास चालून जुन्या कारखान्यांच्या वस्तीत पोचतो. त्या ओढतात, मी चढाला मागून ढकलते. आम्ही एकाच जिन्यावर राहतो, त्या दुसऱ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या. एकोणीस वर्षं झाली, पण एकमेकींना अजून 'तुम्ही'च म्हणतो. इथे 'तू' म्हणायचं ते मोठ्या माणसाने सुचवायचं, आणि वुटकेबाईंनी ते सुचवलेलं नाही.

गेर्लिंड वुटके सदुसष्ट वर्षांच्या आहेत आणि टेक्नो वाजवतात.

त्याआधी सोळा वर्षं त्या टीव्हीच्या काचनळ्या करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होत्या. नळी समोर आली की यंत्राला जोडायची, काटा पाहायचा, कान लावायचा आणि चांगली असेल तर शिक्का मारायचा. त्यांचा शिक्का एक्केचाळीस नंबरचा. एका डिसेंबरात वर्षाचा आकडा पुरा होईना तेव्हा साहेबांनी दोनशे नळ्या आणून ठेवल्या आणि म्हणाले, "कॉम्रेड वुटके, यांच्याकडे जरा मायेने बघा." त्यांनी मायेने पाहिलं आणि एकशे बारा परत पाठवल्या. पुढचे तीन महिने त्या पुठ्ठ्याची खोकी बांधायच्या खात्यात होत्या. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चढत नाही. फक्त ते खोकी बांधणंही आपण नीट केलं, एवढं त्या शेवटी सांगतात.

शहर दुभागणारी भिंत पडली आणि मग कारखानाही बंद झाला. मोजमापाची यंत्रं भंगारात चालली होती. वुटकेबाईंनी याच हातगाडीवरून त्यातली काही घरी आणली. त्यातलं एक यंत्र सूर काढायचं, एकच, पण हवा तितका वेळ. त्यांचे यजमान लोथार म्हणायचे, "गेर्लिंड, शेजाऱ्यांना वाटेल आपल्याकडे फ्रीज आजारी आहे." पुढे दोन सूर झाले, मग ठोका आला. लोथार गेले त्या वर्षी खोकी तीन झाली होती. मी वर राहायला आले ती त्यानंतर. माझ्या देवघराची फळी बरोबर त्यांच्या टेबलाच्या वर येते, आणि सकाळी दिवा लावताना समईतलं तेल खालच्या ठोक्याबरोबर बारीक थरथरतं. मला त्याची सवय झाली आहे. देवाचीही काही तक्रार दिसली नाही.

आम्ही जातो त्या जागेला सगळे कोळसाघर म्हणतात. पूर्वी तिथे कोळसाच असायचा. आता रविवारी दुपारी माणसं नाचायला येतात. ती चालवतो माल्टे नावाचा माणूस, चाळिशीचा, डोक्यावर लोकरीची टोपी, ती जुलैतही. त्या दारातून आत गेलं की सगळे एकमेकांना पहिल्या मिनिटापासून 'तू' म्हणतात. माल्टे वुटकेबाईंना 'तू' म्हणतो, वुटकेबाई त्याला 'तुम्ही' म्हणतात, आणि दोघांनाही आपण नम्र आहोत असं वाटतं.

कोळसाघरात एक रीत आहे. भिंतीवरच्या जाहिरातीत कोणाच्या नावापुढे काय लिहायचं ते ठरलेलं आहे. जो दुसऱ्यांच्या तबकड्या लावतो त्याच्या नावापुढे काही नाही. जो स्वतःची यंत्रं आणून तिथल्या तिथे वाजवतो त्याच्या नावापुढे 'लाइव्ह'. आणि रविवारची दुपार फक्त लाइव्हवाल्यांची.

वुटकेबाईंचं बरंचसं काम घरी झालेलं असतं. ठोके कुठे, सूर कुठे, हे आठवडाभर बसून त्या खोक्यांमध्ये भरून ठेवतात. तिथे गेल्यावर बटणं फिरवतात, एक आवाज आत घेतात, एक बाहेर काढतात. त्यांना हेच लाइव्ह वाटत होतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

फेब्रुवारीत ढोलाच्या यंत्राची एक वायर निसटली. ढोल बंद पडला. नुसता खालचा सूर एकटा चालत राहिला. वुटकेबाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, खोकं पुढे ओढलं, मागे वाकून वायर शोधली आणि खोचली. ढोल परत आला तो अर्ध्या मात्रेने चुकून. तो सरळ करायचा तर सगळंच थांबवायला हवं होतं, म्हणून त्यांनी तसाच चालू दिला. लोकांनी असा आरडाओरडा केला की मला वाटलं आग लागली. एक दाढीवाला रडत होता. दारात प्रत्येकजण सांगत होता, आज खरं लाइव्ह ऐकलं.

एप्रिलमध्ये सगळं बिनचूक झालं. लोक तास-दीड तास वाट पाहत उभे राहिले आणि मग बाहेर सिगरेट ओढायला गेले. कोणी तरी म्हणालं, आजीने घरून टेप आणली.

माल्टेने त्यांना बाजूला घेतलं. मी चादरीची घडी घालत होते.

"गेर्लिंड, ती वायर जरा सैल ठेवत जा ना."

"कशासाठी?"

"लोकांना कळतं मग. की तू जिवंत आहेस."

"मी समोर उभी असते. त्यावरून कळत नाही?"

"समोर तर लॅपटॉपवालाही उभा असतो. तो काय करतो, ईमेल वाचतो की काय, कोणाला ठाऊक?"

जूनमध्ये वुटकेबाईंनी ती वायर अर्धीच खोचली. बरोबर चाळिसाव्या मिनिटाला कोपराचा धक्का दिला. चष्मा, वाकणं, शोधणं, सगळं झालं. आरडाओरडा फेब्रुवारीपेक्षा मोठा. दाढीवाला या वेळी मित्राला घेऊन आला होता, दोघंही रडले.

घरी येताना वुटकेबाईंनी गाडी कुठेही थांबवली नाही. डबा तसाच परत आला. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या, हातात कचऱ्याची पिशवी, आणि म्हणाल्या, "मी काल खराब नळीवर शिक्का मारला."

त्यांनी माल्टेला चिठ्ठी लिहिली की माझ्या नावापुढचा शब्द काढा. माल्टेचं उत्तर आलं, त्याच्या स्वभावाप्रमाणे प्रेमळ: शब्द काढला तर रविवार जाईल, कारण रविवार लाइव्हवाल्यांचा, आणि इतर दिवशी तबकड्यावाल्यांची आधीच रांग आहे. तू ठरव, मिठी, माल्टे. वुटकेबाईंनी 'मिठी' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती.

रविवार जाणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वर्षाचे सहा रविवार गोल केलेले असतात. दुसरं काहीच गोल केलेलं नसतं, डॉक्टरसुद्धा नाही.

मागच्या आठवड्यात मी आरतीला निघाले होते, त्या म्हणाल्या, मी येऊ का. आमच्या देवळात माणसं कमी, म्हणून नगारा-घंटांचं विजेवरचं यंत्र आहे, बटण दाबलं की आपलं आपण वाजतं. वुटकेबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. तपासनिसाच्या नजरेने खालून वरून पाहिलं.

"हे देवाला चालतं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"अजून तरी चाललंय."

आरती निम्मी झाली आणि यंत्राशेजारी उभ्या कुलकर्णीकाकांचा पाय वायरीत अडकून प्लग निघाला. नगारा गप्प. कोणी थांबलं नाही. टाळ्यांचा जोर वाढला, दोन-तीन जणांनी ताटाच्या कडेवर चमच्याने ताल धरला, लय जरा पळाली, मग सावरली. काकांनी प्लग लावला तेव्हा यंत्र भलत्याच ठिकाणी शिरलं आणि सगळे हसत हसत त्याला जाऊन मिळाले. वुटकेबाई मागे उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, मात्रेवर, एकही चूक न करता.

प्रसादाचा शिरा खाताना त्यांनी एवढंच विचारलं, "त्या गृहस्थांनी मुद्दाम नाही ना केलं?"

"नाही हो. त्यांचा पाय कुठे ना कुठे अडकतोच."

"आणि आरती म्हणणाऱ्यांपैकी कोणाला आधी ठाऊक नव्हतं?"

"कसं असेल?"

त्यांनी मान डोलावली आणि आणखी शिरा मागितला.

आज कोळसाघराची विटांची धुराडी दिसायला लागली तसं त्यांनी गाडी पुन्हा थांबवली. या वेळी ताडपत्री उचलली नाही. फाटकावर जाहिरात लावलेली होती. 'वुटके', आणि पुढे 'लाइव्ह', नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. त्यांनी ते नीट वाचलं. मग चष्मा काढून कोटाच्या खिशात ठेवला.

"सगळ्या वायरी आज घट्ट खोचल्यात," त्या म्हणाल्या. "घरी दोनदा तपासल्या."

"मग झालं तर."

"झालं नाही. मला तुमच्याकडे काही तरी मागायचंय." त्या नदीकडे बघत बोलत होत्या. "तुम्ही दर वेळी मागे बाकावर बसता. आज माझ्या टेबलामागे बसा. तिथे तेरा वायरी आहेत. तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटेल ती एक उपटा. कुठली ते सांगू नका, कधी ते सांगू नका. नाहीच वाटलं तर उपटू नका, पण तेही मला आधी कळता कामा नये. माल्टेला सांगितलं असतं तर त्याने चाळिसावं मिनिट धरलं असतं. तुम्ही देवाला भिऊन असता, तुमच्यावर भरवसा आहे. आणि एक. हात घालाल तेव्हा माझ्याकडे बघू नका, तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."