म्हशीच्या मागची सायकल

जनावरांच्या दवाखान्यात पेशंट बोलत नाही, हा आमच्या नोकरीतला मोठा फायदा. त्यामुळं बोलायचं सगळं काम आमच्याकडंच येतं. गाय लोखंडी खोड्यात उभी, मालक कासरा धरून उभा, औषध लागू होईपर्यंत दुसरं करणार काय? किस्से सांगायचे. ते मग उकिरड्यासारखे साठत जातात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही, पण वर्षभरानं बघावं तर चांगला ढीग झालेला असतो. आमच्या ढिगातले निम्मे किस्से एकट्या बापूंच्या सायकलीचे आहेत.

तुळजापूरकडच्या वाशीजवळ आमचा दवाखाना, त्यात माणसं चारच. डॉक्टर मॅडम, मलमपट्टी करणारे शब्बीरभाई, लस टोचत गावोगाव हिंडणारा मी, आणि आमचे परिचर दगडूबापू. बापू वयानं सगळ्यांत मोठे. जनावराला कुठं धरायचं, कसं पाडायचं, सगळं त्यांना येतं. एकच गोष्ट येत नाही. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही.

एकदा एक सेल्समन आला आणि बापूंच्या गळ्यात कोंबडीखाद्याचं पोतं मारून गेला. मी विचारलं, "बापू, तुमच्याकडं कोंबडी कुठंय?"

"न्हाय की. पण पोरगं उन्हातनं आलं व्हतं."

ते पोतं संपवायचं म्हणून पुढं बापूंच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, कोंबड्या घ्याव्या लागल्या.

*

सायकल बापूंनी तरुणपणी वाशीच्या बाजारात घेतली. जुनीच. विकणाऱ्यानं घेता का म्हणून विचारलं आणि बापू व्हय म्हणाले, एवढाच तो व्यवहार. सायकल उंच, काळी, वजनाला एखाद्या रेडकाएवढी. पुढच्या दांड्यावर एक पितळी बिल्ला, त्यावरची अक्षरं घासून गेलेली. तिला कुलूप कधीच नव्हतं. कुणीही यावं आणि घेऊन जावं. एकदा एकजण "आत्ता आलो" म्हणून घेऊन गेला, आणि ती परत आली तेव्हा हँडलला फुलांचा हार आणि कॅरियरला बुंदीचा डबा. कुणाच्या तरी लग्नाला जाऊन आली होती.

बापू हार काढत म्हणाले, "आमाला बोलावलं नव्हतं. हिला तरी बोलावलं."

*

बापूंकडं पूर्वी बैलजोडी होती. ती गेल्यावर पोळ्याच्या दिवशी दारात उभं करायला जनावर उरलं नाही. मग बापूंनी सायकलच उभी केली. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, तसं हे हँडलला चोळतात. "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या," असं तिला रीतसर सांगतात. दुसऱ्या दिवशी धुऊन, कुंकू लावून, पुरणपोळीचा घास दाखवून, गावच्या बैलांबरोबर वेशीतल्या तोरणाखालून नेतात. ही गोष्ट आता गावाच्या अंगवळणी पडली आहे.

पहिल्या वर्षी मात्र मानाच्या बैलाचे मालक खवळले होते. "बापू, ह्ये कसलं जनावर आणलंय रांगेत? देवणी हाय का खिल्लार?"

बापू शांतपणे म्हणाले, "इलायती हाय."

आपण किती खरं बोललो, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं.

*

मॅडमनी एकदा मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचलेल्या म्हशीचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. तो कुणी कुणाला पाठवला देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. कुणी सरदेशमुख नावाचे गृहस्थ.

"फोटोतली ती विकणार आहात का?"

मॅडम म्हणाल्या, "मालकाला विचारावं लागेल. पण टाके अजून ओले आहेत."

"टाके? कुणाला?"

"म्हशीला."

मग ते म्हणाले, "मॅडम, मी म्हशीच्या मागच्या सायकलीबद्दल विचारतोय."

गृहस्थ जुन्या सायकली जमवणारे निघाले. त्यांचं म्हणणं असं की बिल्ला ओळखीचा दिसतोय, सायकल विलायतेतली असावी, असल्या फार थोड्या उरल्यात. खरी निघाली तर बापू म्हणतील ती रक्कम द्यायला ते तयार होते. स्पीकरवर हे सगळं ऐकून शब्बीरभाईंच्या हातातलं बँडेज सुटून गोल गोल गडगडत खोड्याखाली गेलं.

बापूंनी एवढंच विचारलं, "आन म्हैस कशी दिसली त्येंना?"

*

त्या दिवसापासून दवाखान्याचे दिवस पालटले. मॅडमची गाडी उन्हात आणि सायकल शेडमध्ये. शब्बीरभाई तिला बेगमसाहेब म्हणू लागले. "अरे सरको, बेगमसाहेब को धूप लगरी," म्हणत ते माणसांना बाजूला करायचे. ज्या गावकऱ्यांनी तिच्यावरून आयुष्यभर चाऱ्याचे भारे वाहिले, तेही आता तिला हात लावायच्या आधी विजारीला हात पुसायचे.

एक आजोबा लंगडणारी गाय घेऊन आले. गायीनं आल्या आल्या सायकलीची सीट चाटायला घेतली. शब्बीरभाई असे ओरडले की गाय बिचारी लंगडणं विसरून बाहेर पळाली.

आजोबा दारात उभे राहून म्हणाले, "ह्यो दवाखाना जनावराचा हाय का सायकलीचा, ती पाटी एकदा नीट लावा."

*

सायकल विकावी असं सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर ते काकूंना. त्यालाही कारण आहे.

लग्नानंतर पहिल्यांदाच बापू काकूंना सायकलवर घेऊन सासुरवाडीला निघाले. मागं कॅरियरवर काकू आणि त्यांच्या मांडीवर शेंगांचं पोतं. चढ आला, तशा काकू पोतं कॅरियरवर ठेवून खाली उतरल्या. बापूंना वाटलं सायकल हलकी लागतेय ती उतार लागल्यामुळं. ते बोलत बोलत तसेच पुढं गेले ते थेट सासऱ्याच्या दारात.

सासूबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "शेंगा आल्या. लेक कुठाय?"

आता पोरानं पुण्याला जाताना आपली स्कूटी घरी ठेवली आहे. काकूंचं म्हणणं, बापूंचे गुडघे बोलायला लागलेत, सायकल जाऊ द्यावी, आणि ह्यांनी मला स्कूटीवर मागं बसवून एकदा तुळजापूरला न्यावं. बोलण्यात खोट काढायला जागा नाही. त्यामुळं बापू नुसते मान हलवतात.

*

एकदा दुपारी आम्ही दोघंच होतो. बापू रिमची एकेक तार पुसत बसले होते. मी सहज म्हणालो, "बापू, नशीब काढलंत."

त्यांनी पुढची तार पुसायला घेतली. मग हळूच म्हणाले, "म्या इकणार न्हाय म्हनलं तर?"

"म्हणजे? विकायची नाही तुम्हाला?"

"न्हाय. पण समदे म्हणत्यात इका. ही म्हणती, पोरगं म्हणतं, मॅडम म्हणत्यात. त्यो पुण्याचा मानूस तर लई गोड बोलतो."

"मग नाही म्हणून टाका ना सरळ."

बापूंनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी त्यांना इंग्रजीत भाषण करायला सांगितलं होतं. मला वाईट वाटलं. ह्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना व्हय म्हणून दिलं, आणि आता त्याला एकच नाही पाहिजे होतं तर ते मिळत नव्हतं. मी बोलू का तुमच्या वतीनं, असं विचारलं, तर म्हणाले, "नगं. वंगाळ दिसंल."

*

मध्येच सरदेशमुखांचा फोन आला, की घंटीसुद्धा मूळची पाहिजे. मूळची घंटी बापूंनी कधीच गावातल्या नामदेवला देऊन टाकली होती. अर्थातच त्यानं मागितली म्हणून. शब्बीरभाई जाऊन ती परत घेऊन आले.

दुसऱ्याच दिवशी नामदेव दवाखान्यात हजर. म्हैस धार देईना. मॅडमनी जाऊन तपासलं. ताप नाही, कास चांगली, चारा खातेय. मग भानगड कळली. नामदेव धारेला बसताना रोज ती घंटी वाजवायचा आणि घंटी ऐकली की म्हैस पान्हा सोडायची. शब्बीरभाईंनी वाशीहून नवी घंटी आणून दिली. म्हशीनं ती ऐकून तोंड फिरवलं.

शेवटी मॅडमनी उपचार सांगितला. बापूंनी सकाळ-संध्याकाळ सायकल घेऊन गोठ्यात जायचं आणि घंटी वाजवायची. पशुवैद्यकाच्या कुठल्याच पुस्तकात हा उपचार नसावा, पण म्हैस पहिल्याच दिवशी बरी झाली. मॅडम म्हणाल्या, "सायकल गेल्यावर हिचं काय करायचं?"

बापूंचा चेहरा त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी खुलला होता. "व्हय की मॅडम. ह्येचा कुनी इचारच केला न्हाय."

कुणी केलाही नाही. म्हशीपेक्षा पुण्याचा माणूस मोठा.

*

सरदेशमुखांनी येण्याचं नक्की केलं. फोनवर त्यांनी बापूंना पुन्हा पुन्हा एकच गोष्ट बजावली. आम्ही सगळे ऐकत होतो. "बापू, जशी आहे तशी ठेवा. पॉलिश नको, रंग तर अजिबात नको. तो मूळचा काळा रंग आहे ना, तीच तिची सगळी किंमत. रंग गेला की माझ्यासाठी ती भंगार."

"व्हय साहेब. व्हय, व्हय," बापू म्हणाले.

"मग या रविवारी येऊ?"

तेव्हा बापूंनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघितलं. म्हणाले, "पोळा झाला की या साहेब. सण तोंडावर हाय. पुरनपोळी खाऊन जावा."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे छोटा टेम्पो घेऊनच आले. सायकल गुंडाळायला बरोबर दोन रजया होत्या. मॅडम, शब्बीरभाई, मी, आम्ही सगळे बापूंच्या दारात जमलो. काकूंनी नवीन लुगडं नेसलं होतं. बापू घराच्या मागून सायकल घेऊन आले.

हँडलचं एक टोक लाल, एक हिरवं. दोन्हीकडं गोंडे. मधल्या दांड्यावर चमचमणारी बेगड. आणि बाकीची सायकल पुढच्या मडगार्डापासून मागच्या कॅरियरपर्यंत झकास निळी. बिल्लासुद्धा निळा. चेनकव्हरवर पांढऱ्या अक्षरात श्री. फक्त घंटी तेवढी जुनी, पितळी, स्वच्छ पुसलेली. काल तोरणाखालून गेली तेव्हा ती काळीच होती.

सरदेशमुख रजईवरच बसले. तिथूनच म्हणाले, "बापू, हे काय केलंत?"

बापूंनी हात जोडले. "पोळा न्हवं का साहेब. शिंगं रंगवायची रीत हाय."

मॅडम म्हणाल्या, "पण बापू, दरवर्षी तर तुम्ही नुसती हळद लावता."

"औंदा पाव्हनं येनार व्हतं मॅडम. पाव्हण्यापुढं तशीच कशी उभी करायची?"

शब्बीरभाई एकदम खोकायला लागले आणि पाणी प्यायला आत गेले. काकू पुढं झाल्या. त्यांनी मडगार्डाला बोट लावून पाहिलं, मग घराच्या दाराकडं पाहिलं. दाराचा जुना रंग पोपडे धरून लोंबत होता.

"आपल्या दाराला आणलेला डबा व्हता त्यो," काकू म्हणाल्या.

बापूंनी हात मागं घेतले. नखं त्यांची निळी होती.

सरदेशमुख उठले. सायकलीभोवती एक फेरी मारली, बिल्ल्यापाशी वाकून बघितलं, आणि अगदी रडवेल्या आवाजात म्हणाले, "मान्य आहे बापू, शिंगं रंगवतात. शिंगंच रंगवतात ना? मग बाकीच्या सगळ्या सायकलीला का रंग लावला?"

बापूंनी सायकलीवर टांग टाकली. नामदेवच्या म्हशीची धारेची वेळ झाली होती.

"रंग उरला व्हता, साहेब."